अठराव्या खणातली रिकामी जागा

४ फेब्रुवारी

"कपाटांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्यांनो, वस्तू सापडली की हार वरच्या मजल्यावर जातो आणि वस्तू हरवली की हात आपल्या गळ्याशी येतो. हे किती वर्षं चालायचं?"

कर्मचारी संघाच्या सभेत आज मी अशी सुरुवात केली. संग्रहालयाच्या तळमजल्यावरची चहाची खोली, आम्ही एकोणीस जण. खनिजांचा, नाण्यांचा, कीटकांचा असा प्रत्येक दालनाचा माणूस, दोन रखवालदार आणि झाडलोट करणाऱ्या तिघी. वाक्य संपवून मी थांबलो. कुठे थांबायचं ते मला कळतं, बाकी काही कळो न कळो. टाळ्या पडल्या. मग पुढचं बोललो, ते पूर्ण जबाबदारीनं बोललो म्हणून इथे लिहून ठेवतो: "सत्तावीस वर्षं पक्ष्यांचं दालन माझ्या ताब्यात आहे. नऊ हजार पक्षी. एक पीस इकडचं तिकडे झालेलं नाही. ज्याला शंका असेल त्यानं यावं आणि मोजावं."

दाभण मागच्या बाकावर चहात बिस्कीट बुडवून बसला होता. बिस्कीट तुटून कपात पडलं तरी तो कपातच बघत राहिला. दाभण म्हणजे आमच्या दालनातला पक्षी भरणारा. कातडी सोलणं, आत कापूस भरणं, शिवणं हे त्याचं काम. खऱ्या नावानं त्याला कोणी हाक मारलेली मी ऐकलेली नाही.

सभा संपल्यावर संचालकबाईंनी वर बोलावलं. बाई येऊन आठ महिने झालेत; अजून त्यांना दालनाचा रस्ता विचारावा लागतो. त्यांच्यापुढे एका संशोधक बाईंचं पत्र होतं, सात पानी. आफ्रिकेतल्या एका धनेशावर त्यांचं काम चाललंय. एकशे बावीस वर्षांपूर्वी एका प्रवाशानं तिथल्या जंगलात नर-मादीची जोडी मारली आणि तिच्यावरून या जातीचं पहिलं वर्णन छापलं गेलं. ते दोन पक्षी म्हणजे या जातीचे मूळ नमुने, तिचा जन्मदाखलाच म्हणा. संशोधकबाई तीन वर्षं त्यांच्या मागावर आहेत. पहिल्या संग्रहालयानं ते अदलाबदलीत दुसऱ्याला दिले, दुसरं मोडीत निघालं, आणि त्याच्या शेवटच्या यादीत या पक्ष्यांपुढे आमच्या संग्रहालयाचं नाव आहे.

"मिळतील?" संचालकबाईंनी विचारलं.

"मिळतील काय? आहेत. उद्या काढून देतो."

५ फेब्रुवारी

नर आहे. मादी नाही.

पक्ष्यांचं दालन तळघरात आहे. पत्र्याची कपाटं, वर दोन नळकांडी दिवे, डांबराच्या गोळ्यांचा वास. हा वास माझ्या अंगाला इतका चिकटलाय की घरचे म्हणतात, तुम्ही बाहेर गेलात तरी तुमचा कोट घरात असल्यासारखा वाटतो. धनेश सहाव्या कपाटात, अठराव्या खणात. नर उताणा पडलेला, पाय एकमेकांवर, डावा वर, मेण लावलेल्या काळ्या दोऱ्यानं बांधलेले. पायाला प्रवाशाच्या हातची चिठ्ठी. त्याच्या शेजारी खणातला कागद पिवळा पडलाय, पण मधोमध एका पक्ष्याच्या आकाराचा पांढरा ठिपका आहे. तिथे ती वर्षानुवर्षं पडून होती. उजेड तिच्यामुळे त्या कागदाला लागला नाही.

त्या पांढऱ्या आकाराच्या कडेनं मी बोट फिरवलं. चोचसुद्धा ओळखू येते.

सगळे चोवीस खण उपसले. नाही. दाभण दारात उभा होता. म्हणाला, "शोधू नका हो इतकं, वक्ते. दम लागेल." सभांमुळे मला सगळे वक्तेच म्हणतात. मी त्याच्यावर खेकसलो. सत्तावीस वर्षांत मी त्याच्यावर खेकसलो असेन दोनदा.

पत्रात मूळ वर्णनाचा उतारा आहे: "मादी. पंखांची व शेपटीची सर्व मोठी पिसे एकाच वेळी फुटत असलेली. चोचीच्या मुळाशी वाळलेली माती." यात नवल काही नाही. सहलीला आलेल्या मुलांना मी शंभर वेळा सांगितलंय: धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते, दार माती-विष्ठेनं लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. नर बाहेरून भरवतो. आत बसल्या बसल्या ती पंखांची पिसं एकदम गाळते आणि तिला नवी फुटतात. मुलं तोंडाचा आ करून ऐकतात. म्हणजे ही मादी प्रवाशानं ढोली फोडून बाहेर काढली आणि मारली. हे मी दोनदा वाचलं, पण त्याचा आत्ता काय उपयोग.

उपयोगाचं हे की, हिच्या चोचीवरच्या शिंगाच्या आकारावर आता ठरणार आहे, त्या जंगलात उरलेले थोडे धनेश ही स्वतंत्र जात आहे की नाही. स्वतंत्र ठरली तर जंगल वाचवायला एक कारण मिळेल.

आणि मी परवा काय बोललो? एक पीस इकडचं तिकडे नाही. परवा नाही, कालच.

९ फेब्रुवारी

घरी गोंधळ. मुंगीच्या पोटात दुखतंय. मुंगी माझी नात, तिसरीत आहे, दिवसभर घरभर फिरत असते आणि कणाकणानं बिस्किटं पळवते म्हणून मुंगी.

"आज गणिताची परीक्षा ना, मग दुखणारच," सूनबाई म्हणाल्या. "गेल्या वेळी भाषेच्या पेपरलाही दुखलं होतं."

"खोटं नाही गं आई. उलटीसारखं होतंय."

"पेपर झाल्यावर होतंय का पेपरच्या आधी?" मुलानं विचारलं, आणि सगळे हसले.

मुंगी रागानं माझ्याजवळ येऊन बसली. "आबा, मी अभ्यास केलाय. आणि हेडमास्तरांच्या चोचीला हातसुद्धा लावला. तीनदा. मग बोटांची पापी घेतली. तसं केलं की गणित येतं."

"हेडमास्तरांना चोच आहे?" हिनं आतून विचारलं. ही म्हणजे माझी बायको. तिचं लक्ष एकाच वेळी तीन खोल्यांत असतं.

"खरे हेडमास्तर नाही गं आजी. शास्त्राच्या खोलीतले."

मी "हो का" म्हणालो. माझं लक्ष नव्हतं. मी खणातल्या त्या पांढऱ्या आकाराचा विचार करत होतो आणि उद्या संचालकबाईंना काय तोंड दाखवायचं याचा. हिनं मुंगीला गरम पाणी दिलं आणि झोपवलं.

११ फेब्रुवारी

चौकशी झाली. संचालकबाई, त्यांचे लेखनिक, मी आणि दाभण. खिडकीपाशी फायलींचा ढीग, पंखा बंद.

"दालनाच्या किल्ल्या किती?"

"दोन."

"कोणाकडे?"

"एक माझ्याकडे. एक याच्याकडे."

"बाहेरच्या कोणाला दालनात एकटं सोडलं होतं?"

"कधीच नाही. माझी नोंदवही बघा. आलेला प्रत्येक माणूस वेळेसह लिहिलाय. मी माझ्या नोंदवहीची खात्री छातीठोकपणे देतो."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे दोन माणसं उरतात. आणि एकाची खात्री तुम्ही देताय."

मी हे काय बोललो ते तेव्हा कळलं. मी माझी खात्री दिली होती. दाभणाची कोणी दिली नव्हती. सगळे दाभणाकडे बघायला लागले. मला वाटलं आता तो बोलेल. तो नखांखालचा मेणाचा मळ काढत बसला. एक वाक्य मला सहज बोलता आलं असतं, हा माणूस चोर नाही. माझी जीभ टाळ्याला चिकटली. ज्या जिभेनं मागच्या शहरभरच्या संपात तीन हजार माणसं रस्त्यावर थांबवून धरली, तीच ही.

जिन्यात त्यानं मला गाठलं. "वक्ते, नळ फुटला ते वर्ष आठवा जरा."

"म्हणजे काय?"

"आठवा म्हणजे आठवा." आणि खाली निघून गेला.

ही धमकी आहे. मी घरी येईपर्यंत चारदा मागे वळून पाहिलं. नळ फुटला ते वर्ष म्हणजे अकरा वर्षांपूर्वीचं. तळघरात गुडघाभर पाणी. खालचे खण मी स्वतः डोक्यावरून वाहून वाचवले. तेव्हा वर्तमानपत्रात माझा फोटो आला होता. त्या गडबडीत त्यानंच काही उचललं असणार, आणि आता मलाही त्यात ओढायचा त्याचा बेत दिसतो.

१२ फेब्रुवारी

दाभणाला घरी बसायला सांगितलं. निकाल लागेपर्यंत यायचं नाही. किल्ली जमा.

संघाच्या लोकांनी मला घेरलं. वक्ते, दाभणासाठी सभा घ्या. मी म्हणालो, आधी कागद हाती येऊ द्या. हे शब्द माझ्याच तोंडून निघाले. झाडणाऱ्या एका बाईनं माझ्याकडे असं बघितलं की मी लगबगीनं तिथून निघालो.

१३ फेब्रुवारी

दाढी केली नाही. बाकी काही नाही.

१५ फेब्रुवारी

आज रविवार. दालनात मी एकटाच. नळ फुटल्या वर्षाची नोंदवही कपाटाच्या माथ्यावर होती, पाण्यानं पानं वाकडी झालेली. दाभणानं काही उचललं याचा पुरावा मिळेल म्हणून उघडली.

पान एकशे बारा. "पाण्याने खराब झालेले नमुने. चुन्याच्या खड्ड्यात पुरावेत." खाली बेचाळीस नोंदी. एकोणतिसावी: "मोठ्या चोचीचा. चिठ्ठी भिजून वाचता येत नाही. पंखांची व शेपटीची सर्व पिसे तुटून खुंट उरलेले. चोच चिखलाने माखलेली, टोक मोडलेले. टाकाऊ."

अक्षर माझं. 'टाकाऊ' खाली दोन रेघा, त्याही माझ्या. माझ्या रेघा अशाच असतात, कागद फाटेपर्यंत ओढलेल्या.

मी खुर्चीवर बसलो नाही, जमिनीवरच बसलो.

सर्व पिसे तुटून. एकाही पक्ष्याची सगळी मोठी पिसं पाण्यानं एकाच लांबीची तुटत नाहीत. हे कोणालाही कळलं असतं. शंभर वेळा मुलांना ज्यानं ढोलीतल्या मादीची गोष्ट सांगितली, त्याला तर कळायलाच हवं होतं. मी चार दिवसांत चौदाशे पक्षी तपासले होते, पाणी उपसणाऱ्या पंपाच्या आवाजात, आणि मला लवकर संपवायचं होतं. मी ढोलीत नवे पंख फुटणारी मादी हातात धरली आणि तिला मोडकी म्हणालो. तिच्या चोचीवरची माती मला नळाचा चिखल वाटली.

अंगठा पानाच्या कडेला गेला. एक पान. कोणी ते मागितलेलं नाही, कोणाला ते आहे हेही माहीत नाही. कागद ओला होऊन वाकडा झालाय, सहज निघाला असता. पानाची कड अंगठ्याखाली मऊ झाली तरी मी तसाच बसून होतो.

पान फाडलं नाही. पण वही पिशवीत घालून घरी आणली. हे फाडण्यापेक्षा किती बरं आहे ते मला माहीत नाही.

"काय आणलंय?" हिनं विचारलं.

"जुनी वही."

"तुमची वही घरी कधी आली नव्हती."

मी पिशवी पलंगाखाली सरकवली. ती म्हणाली, "चार दिवस तुम्ही घरात एकही भाषण केलं नाहीत. भाजीत मीठ जास्त झालं तरी नाही. मला भीती वाटतेय हो."

१७ फेब्रुवारी

दाभणाकडे गेलो. काय बोलणार आहे ते एकदा कळावं म्हणून. खरं तर त्यानं बोलू नये म्हणून गेलो.

एक खोली, एक खिडकी. तो शेजाऱ्याच्या फाटक्या पिशवीचा बंद शिवत होता. मला बघून त्यानं स्टूल पुढे सरकवलं आणि शिवत राहिला.

"आठवलं?" त्यानं विचारलं.

"आठवलं. पान एकशे बारा."

"एकोणतीस नंबर."

"तुला नंबर पाठ आहे?"

"बेचाळीसच्या बेचाळीस पाठ आहेत. तुम्ही पुरायला सांगितले, मी पुरले नाहीत." दोरा दातांनी तोडून तो म्हणाला, "हातानं शिवलेलं मी पुरत नाही. माझ्याच हातानं असं नाही, कोणाच्याही. वाळवले, झटकले, तुटलं ते सांधलं. तुमच्या त्या मोठ्या चोचीचं टोक सरसानं बसवलं. आणि शाळांना देऊन टाकले. शाळांना कोण काय देतं, वक्ते? तुम्हीच भाषणात म्हणत होता."

मी म्हणत होतो. त्याच वर्षी, शिक्षकांच्या मेळाव्यात.

"मग चौकशीत का नाही बोललास? तुझ्यावर चोरीचा आळ आलाय."

त्यानं प्रथमच माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो. बोलायचं काम तुमचं."

जिन्यात तो मला धमकी देत नव्हता. तो मला आधी बोलायची संधी देत होता. हे त्याच्या घरातून निघाल्यावर रस्त्यात कळलं, आणि तोवर त्याहून वाईट गोष्ट कळून चुकली होती. कारण मी विचारलं, "त्यांना सोमल लावलेला होता ते तुला माहीत होतं?" सोमल म्हणजे विष. त्या काळात कीड लागू नये म्हणून कातडीला आतून सोमलाचा साबण चोळत. तो उडत नाही, विरत नाही. शंभर वर्षांनीही पिसं झटकली की त्याची भुकटी पडते. म्हणूनच आमच्याकडे हातमोजे घालून काम चालतं आणि म्हणूनच मी चुन्याचा खड्डा लिहिला होता.

"माहीत होतं. म्हणून प्रत्येक पक्षी काचेच्या पेटीत दिला. कुलूप लावून. वर लिहून: हात लावू नये."

"कुलपाची किल्ली?"

"शाळेला दिली."

"मोठी चोच कुठल्या शाळेत?"

"तुमच्या घरामागच्या. शास्त्राच्या बाई घेऊन गेल्या होत्या. त्या आता निवृत्त झाल्या म्हणे."

हेडमास्तरांची चोच. तीनदा हात लावला, मग बोटांची पापी घेतली. भाषेच्या पेपरलाही दुखलं होतं.

मी स्टूल पाडून उठलो. दाभण मागून हाका मारत राहिला.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ

शाळेत पोचलो तेव्हा तिसरीचा विज्ञानाचा तोंडी पेपर व्हायचा होता. शास्त्राच्या खोलीबाहेर रांग. खोलीत सहा टेबलं, फळ्याखाली कपाट. कपाटावर पेटी, समोरची काच कधीच फुटलेली, कुलूप नाही, चिठ्ठी नाही. पक्षी पेटीच्या बाहेर, दाराशी ओढलेल्या टेबलावर, लाकडी ठोकळ्यावर बसवलेला. गळ्यात कागदाचा टाय. एकेक मूल येत होतं, चोच चोळत होतं, बोटं ओठांना लावत होतं आणि आत जात होतं. चोच आरशासारखी चकचकीत झालेली. अकरा वर्षं मुलांची बोटं तिच्यावर फिरलीत.

मी ओरडायला हवं होतं. हजारो माणसांना थांबवणारा आवाज माझ्याकडे आहे. तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. मी नुसता पुढे गेलो आणि पक्ष्यावर कोट टाकला.

"अहो आबा, काय करताय?" नव्या शास्त्राच्या बाई. तरुण आहेत. "मुलांची श्रद्धा आहे हो, करू द्या. परीक्षेच्या दिवसांतच काढतो आम्ही त्याला बाहेर."

"हात," मी म्हणालो. "सगळ्यांचे हात. साबणानं."

मुंगी टेबलापाशीच उभी होती. तिनं चोळून झालं होतं. बोट ओठांशी. मी तिचा हात धरला, जोरात धरला असणार, कारण ती रडायला लागली. नळावर नेऊन तिचे हात, तोंड, पुन्हा हात धुतले. बाई मुलांना ओळीनं नळावर आणत होत्या. न विचारता आणत होत्या. माझा चेहराच तसा झाला असणार.

नंतर हातमोजे मागवून कोटाखाली बघितलं. डावा पंख उघडला. एकोणीस खुंट, सगळे सारखे, प्रत्येक खुंटाच्या टोकाला कोषातून अर्धवट बाहेर आलेलं पीस. ठोकळ्यावर बसवताना पाय सोडवले होते, पण डाव्या पायाभोवती मेणाचा काळा दोरा अजून गुंडाळलेला, नराच्या पायाला आहे तसाच. चोचीच्या मुळाशी जिथे बोटं पोचत नाहीत तिथे मातीचा एक कण. शिंगाचा आकार शाबूत. तीच आहे.

आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध लागला आणि मी पुन्हा नळावर हात धुवायला गेलो.

डॉक्टरांनी मुंगीची लघवी, केस आणि नखं तपासायला घेतली. "एवढ्यावरून काही सांगता येत नाही," ते म्हणाले. "आठ दिवसांनी कळेल. पोटदुखी साध्या कारणानंही होते." सूनबाईंनी विचारलं, "आणि साधं कारण नसेल तर?" डॉक्टर कागदावर लिहीत राहिले.

आठ दिवस.

१९ फेब्रुवारी

पक्षी दोन पिशव्यांत बांधून संचालकबाईंच्या टेबलावर ठेवला. शेजारी वही, पान एकशे बारा उघडं.

बाईंनी पान वाचलं. मग वही मिटून माझ्याकडे सरकवली. "संशोधकबाईंना आजच कळवते. फार मोठी गोष्ट आहे ही. आणि अहवालात आपण लिहू, नमुना चुकून दुसऱ्या जागी गेला होता, सापडला. दाभण उद्यापासून कामावर येऊ देत. तुम्ही तीन महिन्यांत निवृत्त होताय. कशाला ही वही?"

बाई वाईट नाहीत. त्यांना सगळ्यांना वाचवायचं होतं. आणि मला वाचायचं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण मी "बरं" म्हणालो. दारापर्यंत गेलो. वही टेबलावरून उचलून काखेत घेतली होती.

संध्याकाळी दाभणाला निरोप सांगायला गेलो. त्याला आनंद झाला नाही असं नाही. त्यानं सुया पुसून डबीत ठेवल्या. मग म्हणाला, "आणि उरलेले एक्केचाळीस?"

"शोधू हळूहळू."

"कसे? बेचाळिसांपैकी सतरांच्या शाळा मला आठवतात. पंचवीस कुठे गेले ते नाही. मास्तर येऊन घेऊन जायचे, पावती कोण मागणार? त्या सतरांपैकीही एक शाळा बंद झाली, सामान दुसरीकडे गेलं." त्यानं डबीचं झाकण लावलं. "माझी काच फुटेल असं मला वाटलं नव्हतं, वक्ते. मला वाटलं, कुलूप लावलं म्हणजे झालं."

त्यालाही झोप लागत नसणार. दोघं समोरासमोर बसून राहिलो. पंचवीस पक्षी, पंचवीस खोल्या, आणि प्रत्येक खोलीत कोणाचं तरी बोट.

२१ फेब्रुवारी

मुंगी पलंगावर बसून चित्रं काढते. आज तिनं हेडमास्तर काढला, मोठी चोच, टाय. "तो वाईट होता का आबा?"

"नाही. त्याला लावलेलं औषध वाईट होतं. आणि तो नाही, ती आहे. बाई आहे."

"मग हेडमास्तरीणबाई." तिनं टाय खोडला आणि कानात डूल काढले. मग विचारलं, "तिला शाळेत कोणी दिलं?"

ही दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती मला सोपं करून देत नव्हती.

"मी टाकलं," मी म्हणालो. "दुसऱ्यानं उचलून दिलं. टाकलं मी."

मुंगीनं डोकं हलवलं आणि रंग शोधायला लागली. ही स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं चहा आला. चार दिवसांत तिनं मला स्वतःहून दिलेला पहिला.

मग मी संचालकबाईंच्या घरी फोन केला आणि सांगितलं, अहवालात वहीचं पान जोडा. बाई म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ काय?" मी म्हणालो, कळतंय. भीती अजिबात कमी झालेली नाही. पूर्वी मला वाटायचं की खरं बोलल्यावर माणूस मोकळा होतो. मी तसं व्यासपीठावरून सांगितलंसुद्धा आहे. आता वाटतं, ते सांगेपर्यंत मी स्वतः असं खरं कधी बोललोच नव्हतो.

२३ फेब्रुवारी

तपासणीचा निकाल अजून दोन दिवस दूर आहे. तोवर थांबता येणार नाही. उद्या सकाळी साडेसहाला सगळ्या शाळांच्या मुख्याध्यापकांची सभा आहे, पहिली घंटा व्हायच्या आत. संचालकबाईंनी भरवली. दाभण माझ्या शेजारी उभा राहणार आहे, त्यानं स्वतः विचारलं. बोलायचं ते लिहून काढतोय. आयुष्यात प्रथमच भाषण लिहितोय, कारण उद्या जीभ टाळ्याला चिकटली तर कागद वाचता येईल.

"मुख्याध्यापकांनो आणि शास्त्र शिकवणाऱ्या बाई-सरांनो, तुमच्या प्रयोगशाळेला कधी नवं काही मिळत नाही. मोठ्यांनी वापरून झालेलं, तुटलेलं, कोणाला नको असलेलं तुमच्याकडे येतं, आणि वर आभार मानायची अपेक्षा असते. या अन्यायावर मी तुमच्याच मेळाव्यात टाळ्या घेतल्या होत्या. तोच अन्याय मी तुमच्यावर केला. अकरा वर्षांपूर्वी मी बेचाळीस पक्षी नीट न बघता टाकाऊ ठरवले. अक्षर माझं आहे, वही दारापाशी ठेवली आहे, वाचा. माझ्या सहकाऱ्यानं ते दयेपोटी तुम्हाला दिले, पेटीत, कुलूप लावून. चोरी त्यानं केलेली नाही. त्या पक्ष्यांच्या कातडीत सोमल आहे. माझ्या नातीनं त्यातल्या एकीच्या चोचीला हात लावून बोट ओठांना लावलं. उद्या कळेल काय झालं ते.

तुमच्यावर ओरडायचा मला हक्क नाही. एकच मागतो. कोणता पक्षी, किती जुना, कोणी दिला, हे आता आठवत बसू नका. कपाट उघडू नका, पुसू नका, मुलांना आवरायला सांगू नका. ज्या खोलीत भरलेला पक्षी आहे त्या खोलीला आज, मुलं यायच्या आत, कुलूप लावा, आणि किल्ली माझ्या हातात आणून द्या."